चारही पार्कांचे तिकीट

रविवारी सकाळी नऊ वाजता मिनिटरावांनी न्हाणीघराच्या दारावर ‘पाण्याचे पार्क’ अशी पाटी चिकटवली, तेव्हा त्यांच्या सासूबाई आत आंघोळ करत होत्या.

“कोण आहे?” आतून आवाज आला.

“मीच. पाटी लावतोय. तुमचं चालू द्या.”

“कसली पाटी? मी आत आहे एवढं पुरत नाही का?”

मिनिटराव उत्तर द्यायला थांबले नाहीत. त्यांना अजून तीन पाट्या लावायच्या होत्या. हॉलला ‘प्राण्यांचे पार्क’, स्वयंपाकघराला ‘परीकथांचे पार्क’ आणि झोपायच्या खोलीला ‘पाळण्यांचे पार्क’. दहा वाजता दार उघडायचे होते आणि वेळेच्या बाबतीत हा माणूस कोणाचे ऐकत नसे.

मिनिटराव हे काही त्यांचे खरे नाव नव्हे. ते बस डेपोत वेळापत्रके आखत. बस थांब्यावर किती सेकंद थांबते, गुडघे धरून चढणारा माणूस त्यातले किती खातो, दारातच पाकीट उघडणारा किती खातो, सगळे त्यांच्या वहीत असे. सत्तावीस नंबरच्या मार्गातून त्यांनी चार मिनिटे कापून काढली तेव्हापासून डेपोने त्यांना ही पदवी बहाल केली होती. आश्चर्य एवढेच की शंभर बसगाड्यांचे दिवस आखणाऱ्या या गृहस्थांना स्वतःच्या घरातल्या चार माणसांचा एक दिवस आखता येत नव्हता.

तो दिवस होता थीम पार्कचा. चार मोठी पार्कं एकमेकांना लागून, आणि तिकिटे दोन प्रकारची. साधे घेतले तर दिवसभर एकाच पार्कात राहायचे. दुसरे दीडपट महाग, पण एकाच दिवसात चारही पार्कांत वाटेल तितक्या वेळा जा-ये करता येई. मिनिटरावांना सुट्टी मिळणार तीन दिवसांची, त्यातले दोन जाण्यायेण्यात जाणार, म्हणजे पार्कासाठी उरतो एक दिवस. महागाचे तिकीट परवडते की वाया जाते? या एका प्रश्नावर सात आठवडे आणि वहीची अठरा पाने खर्ची पडली होती.

दोन वर्षांपूर्वीही हेच झाले होते. त्यांचे ठरेपर्यंत तिकिटे संपली. गेल्या वर्षी ठरेपर्यंत शाळा सुरू झाली. नऊ वर्षांच्या लेकीने दोन्ही वेळा वर्गात सांगून ठेवले होते की आम्ही जाणार, आणि दोन्ही वेळा तिला तोंड लपवायची पाळी आली होती. तिला फार काही नको होते. पाळण्यांच्या पार्कात दोघांनी बसायचा एक उंच झोका होता, तेवढा हवा होता. पण दहा वर्षांखालच्या मुलांच्या शेजारी मोठे माणूस लागे. आईला लिफ्टमध्येही गरगरे आणि आजीचे गुडघे सर्वांना ठाऊक होते. राहिला बाबा, आणि बाबा वहीत होता.

शेवटी बायकोने निर्वाणीचे सांगितले होते, “रविवारी संध्याकाळी सहापर्यंत काय ते सांगा. सहानंतर मी ऐकणार नाही.”

म्हणून मिनिटरावांनी डेपोत करतात तेच घरी करायचे ठरवले. नवा मार्ग सुरू करण्याआधी डेपोत रिकामी बस फिरवून बघतात. तशी रविवारी दहा ते सहा घरात पार्काची चाचणी. बायको आणि सासूबाई यांना चारही पार्कांची तिकिटे, स्वतःला आणि लेकीला पाळण्यांच्या पार्काची साधी. संध्याकाळी दोन्हींची तुलना, आणि निकाल.

“चार खोल्यांमध्ये जायला किती वेळ लागणार आहे?” बायकोने आपले पुठ्ठ्याचे तिकीट उलटसुलट करत विचारले.

“तीच तर मेख आहे. खऱ्या पार्कात एका दारापासून दुसऱ्या दारापर्यंत नऊशे पावलं आहेत. म्हणजे एका खोलीतून दुसऱ्या खोलीत जाताना तुम्ही जिना उतरून इमारतीला चार फेऱ्या घालायच्या.”

“आणि तुम्ही?”

“आमचं एकच पार्क. आम्ही आतच.”

“अस्सं,” असे म्हणून बायकोने पायात बूट चढवले. हे ‘अस्सं’ मिनिटरावांनी वहीत टिपले असते तर बरे झाले असते.

साडेदहाला सासूबाई आणि बायको या दोघी मायलेकी टोपी, पर्स आणि पाण्याची बाटली घेऊन इमारतीभोवती फिरू लागल्या. तळमजल्यावरच्या शिंपीकाकांच्या खिडकीवरून त्या दोनदा गेल्या, तेव्हा काका शिवतच राहिले. तिसऱ्यांदा गेल्या तेव्हा मात्र त्यांनी मशीन थांबवले.

“ताई, किल्ली हरवली का घराची?”

“नाही काका. आम्ही प्राण्यांकडून पाण्याकडे चाललोय.”

“बरं बरं,” शिंपीकाका म्हणाले आणि त्यांनी आपल्या दोन्ही नातवंडांना वर काय चालले आहे ते बघायला पाठवले.

पहिल्या नऊशे पावलांनंतर सासूबाई वर आल्या त्या दारातल्या खुर्चीवर बसल्या आणि उठेनात. “जावईबापू, माझं पार्क इथंच. मी आता नोकरीला लागले. तिकिटं मी तपासते.”

मिनिटरावांना ते पसंत पडले. त्यांनी सासूबाईंच्या नावापुढे वहीत आधीच ‘चालण्याचा वेळ गुणिले दोन’ असे लिहिले होते, ते आता खोडावे लागले एवढेच. त्यांनी दाराला साखळी लावून दिली आणि नियमांचा कागद बाहेर डकवला. वेळ दहा ते सहा. साध्या तिकिटाला प्रवेश एकदाच, बाहेर पडल्यास पुन्हा आत घेतले जाणार नाही. रांग मोडू नये.

आत पाळण्यांच्या पार्कात काम जोरात होते. पाळणा म्हणजे एक जाडशी चादर. तिच्यावर लेकीने बसायचे आणि बाबांनी ती ओढत पलंगापासून कपाटापर्यंत न्यायची, कपाटापाशी झोकदार वळण घ्यायचे आणि परत. खऱ्या पार्कात रांग सरासरी चाळीस मिनिटांची, म्हणून मिनिटरावांनी लेकीच्या पुढे आठ उशा उभ्या केल्या होत्या. दर पाच मिनिटांनी एक उशी उचलायची आणि लेकीने एक पाऊल पुढे यायचे.

“बाबा, ही उशी फार हळू चालते,” लेक म्हणाली.

“खरी माणसंही तशीच चालतात. उभी राहा.”

चाळीस मिनिटे उभी राहून ती नव्वद सेकंद चादरीवर बसली, कपाटाच्या वळणाला किंचाळली आणि उतरून धावत पुन्हा उशांच्या मागे जाऊन उभी राहिली. मिनिटरावांनी वही पाहिली. त्यांच्या अंदाजाप्रमाणे दोन फेऱ्यांनंतर मूल कंटाळायला हवे होते. त्यासाठी ‘कंटाळा’ असा स्वतंत्र रकानाच आखला होता. तिसरी फेरी झाली, रकाना रिकामा. तिसऱ्या वळणाला त्यांचा स्वतःचाच पाय घसरला आणि ते चादरीवर लेकीच्या शेजारी धप्पकन बसले. दोघे डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. ही घटना वहीत कुठे टिपावी ते त्यांना कळेना.

दुपारपर्यंत शिंपीकाकांच्या नातवंडांनी आपली मित्रमंडळी आणली. उशांची गरज संपली. सासूबाईंनी प्रत्येकाच्या हातावर बॉलपेनने फुली मारून आत सोडायला सुरुवात केली आणि एका मुलाचा केकचा डबा ‘बाहेरचे खाणे आणू नये’ म्हणून जप्तही केला. असा नियम कागदावर नव्हता. तो त्यांनी नोकरीच्या पहिल्याच दिवशी स्वतः केला होता. डबा दुपारी दोनला रिकामा परत गेला.

चार वाजता बायको शेवटच्या फेऱ्या संपवून आली आणि परीकथांच्या पार्कात, म्हणजे ओट्याला टेकून, उभी राहिली.

“कसं वाटलं?” मिनिटरावांनी वही उघडत विचारले.

“चारही पार्कं पाहिली. शिंपीकाकांची खिडकी सर्वात जास्त पाहिली.”

मिनिटरावांनी ते इमानदारीने उतरवून घेतले.

सव्वापाचला घात झाला. जिन्यावरची रांग खाली दुसऱ्या मजल्यापर्यंत गेल्याचे कोणीतरी ओरडले आणि मिनिटरावांना राहवले नाही. खरीखुरी, जिवंत रांग! ते साखळी काढून बाहेर पडले, पायऱ्या उतरत एकेक मूल मोजले, दोन मुलांमधले अंतर मोजले, शेवटच्या मुलाला ‘किती वेळ उभा आहेस?’ असे विचारले आणि अर्ध्या तासाने मोठ्या समाधानाने वर आले.

“तिकीट?” सासूबाई म्हणाल्या.

त्यांनी ते दाखवले. सासूबाईंनी चष्मा वर-खाली करून दोन्ही बाजूंनी वाचले. “हे साधं आहे. एकदा बाहेर, की बाहेर.”

“अहो, पण मी...”

“कागद वाचा. अक्षर तुमचंच आहे.”

“आई, सहा वाजत आलेत! मला निकाल काढायचाय, तिकिटं काढायचीत. कॉम्प्युटर आत आहे!”

“काका, रांगेत या ना,” मागून एक मुलगा म्हणाला, आणि जिन्यावरून बऱ्याच जणांनी त्याला दुजोरा दिला.

गलका ऐकून बायको साखळीच्या फटीत आली. हातात फोन होता. “कसली तिकिटं काढताय? ती मी मागच्या शुक्रवारीच काढली.”

मिनिटराव भिंतीला टेकले. “मग आज सहापर्यंत सांगा म्हणालीस ते?”

“काही बदलायचं असेल तर मुदत आज सहापर्यंत आहे. म्हणून.”

“आणि हे सगळं? मी पाट्या लावल्या, तू सोळा फेऱ्या घातल्यास...”

“तुम्ही इतके खुशीत होतात की मोडवेना. पण सोळा फेऱ्यांचं मी लक्षात ठेवलंय.”

“कुठली काढलीस?” त्यांनी जीव मुठीत धरून विचारले.

“आम्हा तिघींची साधी, पाळण्यांच्या पार्काची. तुमचं एकट्याचं चारही पार्कांचं. फिरा, रांगा मोजा, दारं मोजा. आम्ही तुम्हाला संध्याकाळी फाटकापाशी भेटू.”

खोटे कशाला सांगा, मिनिटरावांना क्षणभर आनंदाचे भरते आले. चार पार्कं, शंभरेक रांगा, आणि ‘आता पुरे करा’ म्हणणारे बरोबर कोणी नाही! एवढे ओळखून असलेल्या बायकोकडे ते कौतुकाने बघतच राहिले.

तेवढ्यात तिच्या कोपराखालून लेकीचे डोके बाहेर आले. गळ्यात बाबांचे स्टॉपवॉच होते. “आई, मग झोक्यात माझ्या शेजारी कोण?”

“मी बसेन. डोळे मिटून.”

“बरं,” लेक म्हणाली. तिने हट्ट केला नाही, पाय आपटले नाहीत. दोन वर्षे वाट पाहिलेल्या मुलांना असे ‘बरं’ म्हणायची सवय होते. मिनिटरावांना ते कुठेतरी आत लागले. त्यांनी वही पाहिली. लेकीच्या नावापुढे लिहिले होते, फेऱ्या नऊ, कंटाळा शून्य. स्वतःसाठी त्यांनी रकानाच आखला नव्हता. आखला असता तर त्यातही शून्यच आले असते. तिसऱ्या फेरीनंतर चादर ओढताना आपण घड्याळाकडे पाहिलेच नव्हते, हे त्यांच्या आत्ता लक्षात आले.

“बदल!” ते ओरडले.

“काय?”

“माझं तिकीट. साधं कर. पाळण्यांचं.”

“नीट विचार करा. दहा मिनिटं आहेत अजून.”

“नको! विचार नको! बदल म्हणतो ना!”

जिन्यावरच्या मुलांनी माना उंचावल्या. सात आठवड्यांत मिनिटरावांनी घेतलेला तो पहिला निर्णय होता.

“थांबा,” सासूबाई खुर्चीतून म्हणाल्या. “त्या चारही पार्कांच्या तिकिटावर माझं नाव घाला. माझं साधं तुम्ही घ्या.”

“तुम्ही? आई, तुमचे गुडघे!”

“गुडघे चालताना दुखतात. बसल्यावर दुखतात असं मी कधी म्हटलं? तिथं बटणावर चालणारी खुर्ची मिळते. खुर्चीवाल्यांना वेगळं दार असतं, रांग नसते. चारही पार्कं जेवायच्या आत उरकतात आणि पाहिजे ते दुपारी पुन्हा बघता येतं.”

“हे तुम्हाला कोणी सांगितलं?”

“तुमच्याच वहीत आहे. पान चौदा. खाली लिहिलंय, ‘आपल्याला लागू नाही’.”

मिनिटरावांनी पान चौदा काढले. होते. त्यांच्याच टपोऱ्या अक्षरात होते. घरातल्या चौघांत महागाचे तिकीट परवडणारे एकच माणूस होते, आणि ते त्यांनी ‘गुणिले दोन’ म्हणून खोडून टाकले होते. बायकोने फोनवर बोटे चालवली. नावांची अदलाबदल झाली तेव्हा सहाला एक मिनिट कमी होते.

“चला, सुटलो,” मिनिटरावांनी सुस्कारा टाकला. “आता काढा साखळी.”

सासूबाईंनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिले. मग नियमांच्या कागदाकडे पाहिले. “वेळ दहा ते सहा,” त्यांनी मोठ्याने वाचले आणि दार लावून घेतले.

जिन्यावर एकच ओरडा झाला. आत चादर घसरल्याचा आवाज आणि त्यामागून किंचाळी ऐकू आली. दहावी फेरी चालू होती, आणि बायको ओढत होती. मिनिटराव पायरीवर बसले. थोड्या वेळाने दाराखालून एक कागद सरकत बाहेर आला. त्यावर लेकीचे अक्षर होते, ‘बाबा माझ्या शेजारी. ठरवायला लागलेला वेळ अकरा सेकंद.’

त्याच्या खाली दुसऱ्या, वयस्क अक्षरात लिहिले होते, ‘उद्या दहाला उघडेल. रांगेत उभे राहावे.’