एक कल्लप्पा जास्त झाला

"तुंगभद्रेच्या अलीकडे माझ्याइतकं तल्लख डोकं नाही, आणि पलीकडचं मी अजून तपासलेलं नाही," असं म्हणत गुप्तहेर हालप्पा मेणसिनकाई राणेबेन्नूरबाहेरच्या बंद तेलगिरणीत शिरले आणि अडखळून सपशेल पडले. "पाहिलंस, इरभद्रा? इथं कुणीतरी मुद्दाम उंबरा ठेवलाय."

इरभद्रानं त्यांना उठवलं. तो त्यांचा मेहुणा आणि मदतनीस. बहिणीच्या संसारासाठी माणसाला काय काय उचलावं लागतं!

गिरणीत 'कोयता कल्लप्पा : भाग दोन'चं शूटिंग अडलं होतं. पहिल्या भागात कल्लप्पाला जाळून राख नदीत सोडली होती. तरी तो काळी घोंगडी पांघरून, लांब काठीला कोयता लावून सूड घ्यायला परतला होता. इथवर ठीक. पण काल कॅमेऱ्याच्या पडद्यावर नायिकेमागे दोन कल्लप्पा दिसले, आणि भूमिका नावाची ती नायिका भूमिका सोडायला निघाली.

"ती गेली की सिनेमा मेला," दिग्दर्शक गविसिद्ध रडकुंडीला आला होता.

"जुळा भाऊ!" हालप्पा गरजले.

"भुताला?"

"का, भुतांना आई नसते? नाहीतर असं बघा. राख नदीत सोडली. नदीला काठ दोन. एक कल्लप्पा या काठाला लागला, एक त्या!"

"दाजी, ते सिनेमात झालं," इरभद्र कुजबुजला.

"म्हणून तर कुणाला संशय आला नाही!"

कसंबसं भूमिकेला उभं केलं. कॅमेरा सुरू झाला आणि खांबांआडून दोन घोंगड्या निघाल्या. हालप्पांनी एकीवर झडप घातली. आत नट दोड्डमनी, तोंडात मिरची भजी.

"अहो सोडा! मी पगारी कल्लप्पा!"

दुसरा तसाच उभा. तेवढ्यात त्या घोंगडीतून आवाज आला, "म्यॅ!"

भूमिका थबकली, वळली आणि तडक भुतासमोर गेली. "काका, कोण तुम्ही?"

"बीरप्पा. धनगर आहे. तुमच्या सजावटीची केळीची पानं खायला हे करडू रोज पळून येतं."

घोंगडी खरी, काठी खरी, पाला तोडायचा कोयताही खरा. कपडेवाल्यानं मान खाली घातली. "मी यांनाच बघून कल्लप्पा सजवला होता."

"मग काल बोलला का नाहीत?" गविसिद्ध ओरडला.

"तुम्हीच 'शांतता, शांतता' म्हणून बोंबलत होता."

भूमिका खाली बसून पोट धरून हसत सुटली.

"मी म्हणत होतोच," हालप्पांनी कपडे झटकले, "दोघांपैकी एक कल्लप्पा असणार."

गविसिद्धनं बीरप्पाला सिनेमात तसाच ठेवला. पहिल्या खेळाला दोड्डमनीच्या कोयत्याला लोक जांभया देत होते. बीरप्पा नुसता येऊन उभा राहिला आणि थिएटर किंचाळलं. सगळ्यांत मोठ्यानं पहिल्या रांगेतला बीरप्पा स्वतः. त्यानं शेजारच्या हालप्पांचा हात धरायला हात पुढे केला, तर खुर्ची रिकामी.

"घाबरू नका, मी आहे ना," हालप्पा खुर्चीखालून म्हणाले.