क्लेमेन्सियाचा अधिकृत मृत्यू

राष्ट्राचं साहित्य टिकवायचं असेल, तर ते विद्यार्थ्यांच्या हाती लागू न देणं ही पहिली खबरदारी होय. बातांगासमधल्या त्या महाविद्यालयाने ती पिढ्यान्‌पिढ्या डोळ्यांत तेल घालून घेतली होती. फिलिपिनो साहित्य हा विषय तिथे सर्वांना सक्तीचा होता: नर्सिंगला, जहाजावर जाणाऱ्यांना, पोलिसात भरती होऊ पाहणाऱ्यांना. पुस्तकं मात्र सक्तीची नव्हती. पुस्तकांच्या जागी मार्गदर्शिका होती, आणि तीही ज्यांना जड जाई त्यांच्यासाठी मार्गदर्शिकेचा सारांश होता. (सारांशाची खुणा केलेली प्रत झेरॉक्सवाल्याकडे मिळे. निकाल उत्तम लागत.)

हा विषय शिकवत हर्मिनिया दिमायुगा. अभ्यासक्रमात एकच मोठी कादंबरी होती, शंभर वर्षांपूर्वीची, कॉफीच्या मळ्यातली. तिची नायिका क्लेमेन्सिया लढाईवर गेलेल्या प्रियकराची वाट पाहत समुद्रकाठी झुरून मरते. परीक्षेत दरवर्षी प्रश्न येई: ‘क्लेमेन्सियाचा मृत्यू कशाचं प्रतीक आहे?’ उत्तर: मातृभूमीच्या दुःखाचं. गुण पाच. याच मृत्यूवर प्रबंध लिहून हर्मिनियाबाई डॉक्टर झाल्या होत्या.

त्या वर्षी वादळ आलं. कॉलेज बंद, वीज बंद, मारिफे काटिगबाक या नर्सिंगच्या मुलीचा फोनही बंद. अशा असहाय अवस्थेत, मावशीच्या शिलाई मशीनच्या पायाखाली टेकण म्हणून ठेवलेली ती कादंबरी तिच्या हाती लागली आणि तिने ती वाचली. सगळी. (तोवर मशीन डगमगत राहिलं. मावशीने त्याबद्दल तिला बरंच सुनावलं.)

परीक्षेत तिने त्या प्रश्नापुढे लिहिलं, ‘मेली नाही.’ शून्य मिळालं, त्या शून्याने सरासरी घसरली आणि शिष्यवृत्ती जायची वेळ आली. मारिफे पुस्तक घेऊन हर्मिनियाबाईंच्या टेबलापाशी उभी राहिली.

“मॅम, ती धडधाकट आहे. वाट पाहून पाहून वैतागते, कॉफीच्या दलालाशी लग्न करते, पोरंबाळं होतात. शेवटच्या पानावर तर जेवतेय.”

“मारिफे, अख्ख्या कॉलेजला ती मेलेली चालते. तुलाच का खुपतंय?”

“आमच्याकडे नर्सिंगला जिवंत माणसाला मेलेलं लिहिलं तर नापास करतात, मॅम.”

हर्मिनियाबाईंनी पुस्तक घरी नेलं. ते त्यांनी कधी वाचलं नव्हतं, असं म्हणणं अन्यायाचं होईल. त्याच्याविषयी जे जे लिहिलं गेलं ते सगळं त्यांनी वाचलं होतं. आता त्या पहिल्या पानापासून वाचू लागल्या. परतलेला प्रियकर दारात उभा राहतो आणि क्लेमेन्सिया त्याला म्हणते, ‘आलास? चप्पल बाहेर काढ,’ तिथे त्या एवढ्या मोठ्याने हसल्या की चुलीवरचा भात करपला, शेजारीण डोकावून गेली. मग त्या थोडं रडल्याही. कोणासाठी, ते त्यांना नीट सांगता आलं नसतं. आपल्या प्रबंधासाठी तर नक्कीच नाही.

दुसऱ्या दिवशी त्या डीन व्हिलापांदोंकडे गेल्या.

“सर, मी कादंबरी वाचली.”

“संपूर्ण?” डीननी कॉफीचा कप खाली ठेवला. “तब्येत बरी आहे ना, मॅम?”

“क्लेमेन्सिया मरत नाही.”

डीननी खिडकीबाहेर बोट दाखवलं. अंगणात माजी विद्यार्थ्यांनी दिलेला मरणासन्न क्लेमेन्सियाचा पुतळा आडवा पडला होता. दर ऑगस्टला, भाषेच्या महिन्यात, महापौर त्याला हार घालत.

“आता तिला काय उठवून बसवू? महापौरांना काय सांगू, बाई जेवायला गेल्यात?”

“पण त्या मुलीचं उत्तर बरोबर आहे.”

“बरोबर आहे हो. पण उत्तरपत्रिकेत नाही ना बसत!”

तरी तक्रार म्हटल्यावर समिती नेमली गेली. निःपक्षपातीपणासाठी एकच अट होती: सदस्याने कादंबरी वाचलेली नसावी. हर्मिनियाबाई तिथेच बाद झाल्या, बाकी प्राध्यापक सहज पात्र ठरले. समितीने अहवाल दिला की शेवटची प्रकरणं हा मुद्रणदोष आहे. मारिफेबाबत मात्र दयाळू शिफारस झाली. हर्मिनियाबाईंच्या देखरेखीखाली तिने उत्तर पुन्हा लिहावं आणि क्लेमेन्सियाला मारावं.

मारिफे कोरा कागद घेऊन बसली. पेन उघडून थांबली.

“कशाने मारू, मॅम?”

“म्हणजे?”

“मृत्यूचं कारण लिहावं लागतं.”

“नको मारूस,” असं हर्मिनियाबाईंच्या अगदी ओठांवर आलं होतं. पण मारिफेचे वडील परदेशी जहाजावर भांडी घासत होते आणि तिच्यामागे तीन भावंडं शिकायची होती.

“विरहाने,” त्या म्हणाल्या.

मारिफेने नीटनेटक्या अक्षरात लिहिलं, ‘हृदयक्रिया बंद, विरहामुळे.’ पाचपैकी पाच मिळाले. शिष्यवृत्ती वाचली. निघताना ती फक्त एवढंच म्हणाली, “फार सोसलं नाही बिचारीने.”

पुढच्या सत्रात हर्मिनियाबाईंनी मार्गदर्शिका मिटली आणि वर्गाला शेवटचं प्रकरण वाचून दाखवलं. चपलेपाशी वर्ग हसला. मागच्या बाकावरच्या, एरवी झोपणाऱ्या खलाशी पोरांनी “मॅम, पुन्हा!” म्हणून गलका केला. हसण्याचा आवाज डीनच्या खोलीपर्यंत गेला. साहित्याच्या तासाला असा आवाज पूर्वी कधी आला नसल्याने चौकशी झाली. (दिमायुगा या आडनावाचा अर्थ न हलणारी. त्यांना तळमजल्यावर, कार्यालयीन पत्रव्यवहार शिकवायला हलवण्यात आलं.) कादंबरी आता ग्रंथालयात काचेच्या कपाटात असते, किल्ली डीनकडे. आदर याहून अधिक काय करायचा!

हे सगळं वाचून सुजाण वाचकाला डीनचा राग येईल, समितीचं हसू येईल, हर्मिनियाबाईंविषयी हळहळ वाटेल. ते योग्यच आहे. मात्र त्या कादंबरीचं नाव, किंवा ती कोणी लिहिली, हे वर कुठेही आलेलं नाही. कथानक कळलं, शेवट कळला, मत बनलं, आणि नावावाचून तुमचं कुठे अडलं नाही. पाचपैकी पाच.