कंट्रोल-डी आणि पंपाचा पंखा

सकाळी पावणेदहाला नीटराव खुर्चीवर उभा राहून भिंतीला तक्ता चिकटवत होता आणि खाली टायपिस्ट काकू डोक्याला हात लावून बसल्या होत्या.

"आजच चिकटवायलाच हवा का?"

"काकू, आजच. उद्या कुणी पाहिलाय?"

"मी पाहिलाय. उद्या गुरुवार आहे. गुरुवारी चिकटव ना!"

पण उद्यापर्यंत थांबणं नीटरावच्या अंगातच नव्हतं. त्याचं खरं नाव हजेरीपुस्तकात होतं, पण दिवसातून वीस वेळा "हे नीट नाही" म्हणणाऱ्या माणसाला दुसरं काय म्हणणार? घरी त्याने दिव्यांची बटणं खोल्यांच्या क्रमाने लावून घेतली होती. त्यानंतर बायको आठवडाभर अंधारात चाचपडत होती.

ऑफिस लहान. यंत्राच्या खोक्यात जे माहितीपुस्तक येतं आणि जे कुणीही वाचत नाही, ते इथे तयार व्हायचं. मजकूर काकूंचा, चित्रं आर्टिस्टची, केबिन साहेबांची आणि कॉम्प्युटर सगळे नीटरावच्या ताब्यात. आज पाण्याच्या पंपाचं पुस्तक पाचच्या आत छापखान्याला मेल करायचं होतं. पाच वाजून गेले की छपाईचा नंबर थेट दोन आठवड्यांनी, म्हणजे पंप पुस्तकाशिवाय निघणार आणि गिऱ्हाईक कायमचं जाणार. आणि साडेपाचला नीटरावला नोकरीत पक्कं करायचं की नारळ द्यायचा, हे साहेब सांगणार होते. बायकोचे वडील रोज विचारायचे, "जावयाचं पक्कं झालं का?"

आता पक्कं व्हायचं तर साहेबांना आधी काहीतरी करून दाखवायला हवं होतं. गेले पाच महिने त्याला एकच गोष्ट खात होती. कंट्रोल धरून डी दाबलं की लिहायच्या प्रोग्रॅममध्ये अक्षरांची खिडकी उघडते, चित्रांच्या प्रोग्रॅममध्ये एका वस्तूच्या दोन होतात आणि मेलमध्ये आहे तेही गायब होतं. एकच बटण, तीन कामं! ही काय रीत झाली? काल संध्याकाळी त्याने एक छोटा प्रोग्रॅम लिहून सगळ्या मशीनवर चढवला. आता डी म्हणजे सगळीकडे 'काढून टाका'. एफ म्हणजे सगळीकडे 'शोधा'. दोन करायचे तर के. सरळ, स्वच्छ, नीट. आणि आज त्याच नियमांचा तक्ता भिंतीवर.

दहा वाजता आर्टिस्ट आला. कानात गाणी, तोंडात पेन. तक्त्याकडे त्याने ढुंकूनही पाहिलं नाही. पंपाला सहा बोल्ट लावायचे होते, म्हणून त्याने एक बोल्ट रेखाटला आणि सवयीने कंट्रोल-डी दाबलं. बोल्ट गेला. त्याला वाटलं, दाबलं गेलं नसेल. त्याच जागी क्लिक करून, म्हणजे नकळत मागचा भाग निवडून, पुन्हा दाबलं.

"अरे, पंपाचा पंखा गेला!"

"डी दाबलंस का?" नीटराव धावला.

"मग काय पाय दाबू?"

"तक्ता बघ ना! डी म्हणजे काढून टाका."

"पंधरा वर्षं डी म्हणजे अजून एक! रात्रीत बदललं? मला विचारलं होतंस?"

इकडे काकूंनी गिऱ्हाइकाची दुरुस्ती आर्टिस्टकडे पुढे पाठवायला मेलमध्ये जुन्या सवयीने एफ दाबलं. काकू टाइप करताना कधीच पडद्याकडे बघत नसत, समोरच्या कागदाकडे बघत. त्यामुळे शोधायची चौकट उघडलेली त्यांना दिसली नाही. तिच्यात त्यांनी आर्टिस्टचा पत्ता आणि "लगेच कर" असा निरोप व्यवस्थित टाइप केला आणि हात झटकून मोकळ्या झाल्या.

अर्ध्या तासाने भांडण.

"पाठवलं म्हणते ना मी!"

"आलं नाही म्हणतो ना मी!"

"मग वाटेत कुणी खाल्लं?"

आर्टिस्टने रागारागात नीटरावला मेल केला, 'काकूंना नवा चष्मा घ्यायला सांग', आणि चुकून काकूंनाही पाठवला. आवाज केबिनपर्यंत गेला. साहेब बाहेर आले. नीटरावने धीर करून सगळं समजावलं. साहेबांनी तक्ता वरपासून खालपर्यंत वाचला.

"सगळीकडे एकच नियम? चांगलं आहे की! जेवणाच्या सुट्टीत सगळ्यांनी पाठ करा. दोन वाजता मी बघायला येतो."

एवढ्यात बायकोचा फोन. "झालं का पक्कं?"

"होईल."

"आवाज का असा येतोय?"

आवाज असा येत होता, कारण पुस्तक अर्धंही झालं नव्हतं आणि घड्याळ थांबत नव्हतं. नीटरावची पुरती गाळण उडाली. जेवायला न जाता त्याने गुपचूप तो प्रोग्रॅम सगळ्या मशीनवरून काढला आणि पहिल्यासारखं करून टाकलं. आता सगळे आपापल्या सवयीने कामं उरकतील, साहेबांना तक्ता दिसत राहील. झाकली मूठ!

तो परत आला तर काकू आर्टिस्टची तोंडी परीक्षा घेत होत्या.

"दोन करायचे?"

"के."

"शोधायचं?"

"एफ. काकू, आता सगळं पाठ आहे."

आणि मागे साहेब हाताची घडी घालून कौतुकाने बघत उभे! आता सांगणार तरी काय?

आर्टिस्ट बोल्ट निवडायला गेला, त्याने अख्खा पंपच निवडला आणि ऐटीत कंट्रोल-के दाबलं. जुन्या हिशेबात के म्हणजे 'सुटे करा'. पंपाचे चाळीस तुकडे पडद्यावर वेगळे झाले आणि ते एकेक सरकवून जोडायच्या नादात त्याने आणखीच विस्कटले. काकूंनी गिऱ्हाइकाचं पत्र शोधायला एफ दाबलं; जुन्या हिशेबात मेलमध्ये एफ म्हणजे 'पुढे पाठवा'. समोर उघडा होता आर्टिस्टचा चष्म्याचा मेल. काकूंनी कागदाकडे बघत गिऱ्हाइकाचं नाव टाइप केलं, ते पत्त्याच्या जागी उमटलं; शोध सुरू व्हावा म्हणून तक्त्याप्रमाणे कंट्रोल-एंटर दाबलं, जे जुन्या हिशेबात 'पाठवा' होतं, आणि मेल रवाना. तीन मिनिटांत गिऱ्हाइकाचा फोन.

"चष्मा कोणी घ्यायचाय? मी?"

नीटराव काकूंच्या कानाशी वाकला. "काकू, मी जुनं परत आणलंय."

"कधी?"

"जेवणात."

"म्हणजे अर्धा डबा तसाच टाकून मी जे पाठ केलं, ते..." काकूंनी डब्याचं झाकण आपटलं.

या गोंधळात सव्वाचार वाजले. आता बोटांना जुनं आठवेना, नवं चालेना. आर्टिस्ट दोन्ही हात हवेत धरून बसला होता. केलेलं मागे घ्यायच्या झेडला नीटरावने कधी हातही लावला नव्हता, पण ते शपथेवर सांगितलं तरी कुणी झेड दाबायला तयार नव्हतं.

"सरका," साहेब म्हणाले.

साहेब कॉम्प्युटरवर बसले की सगळे एकमेकांकडे बघून हसायचे. त्यांना एकही शॉर्टकट येत नसे. माउस धरायचा, यादी उघडायची, एकेक ओळ मोठ्याने वाचायची.

"बदल... मागे घ्या." टिक. पंपाचा एक नट जागेवर आला. "बदल... मागे घ्या." टिक.

नीटरावचा पाय टेबलाखाली थडथड उडत होता. बारा मिनिटांनी पंप पुन्हा एकसंध झाला. बाकीचे बोल्ट आले, पंखा बसला, काकूंनी सांगितलेली दुरुस्ती झाली. "फाइल... पाठवा." चार वाजून एकोणसाठ मिनिटांनी पुस्तक गेलं.

साडेपाचला नीटराव केबिनमध्ये शिरला आणि खुर्चीत बसायच्या आधीच बोलला.

"साहेब, माझं चुकलं. जेवणात मी गुपचूप सगळं..."

"माहितीये. काकूंनी सांगितलं. मी वीस वर्षं यांना सांगतोय, बाबांनो, शांतपणे यादीतून वाचून करा. ऐकायचं सोडून हसतात मला. तू एका दिवसात पटवून दिलंस! उद्यापासून ऑफिसात शॉर्टकट बंद. सगळीकडे एकच नियम, माउस. लक्ष तू ठेवायचंस. पक्का झालास."

बाहेर येऊन त्याने बायकोला कळवलं.

"अय्या! कशाबद्दल?"

"नंतर सांगतो."

मग तो नोटीस लिहायला बसला. 'शॉर्टकट वापरण्यास सक्त मनाई आहे.' ही ओळ तीनदा हवी होती. यादी उघड, वाच, टिक, पुन्हा यादी... पाय परत उडायला लागला. त्याने हळूच इकडेतिकडे पाहिलं. आर्टिस्ट भिंतीवरचा तक्ता उलटा करून त्याच्या कोऱ्या बाजूवर पंप काढत होता. काकू पाठमोऱ्या डबा आवरत होत्या. नीटरावची दोन बोटं अलगद कंट्रोल आणि सीवर गेली.

खट्.

"नीटराव," काकू मागे वळूनही न बघता म्हणाल्या, "हात वर."