हाई कोनी कयं?

शीलाअक्कांबरोबर गावोगाव हिंडायला लागल्यापासून मी गरम चहा प्यायलेला नाही. याचा मला राग आहे, आणि तो आधीच सांगून टाकतो.

आमची जळगावची सामाजिक संस्था. अक्का तिच्या समता विभागाच्या प्रमुख. भडगावच्या बौद्ध घरातल्या, एकट्या राहणाऱ्या, निवृत्तीला आलेल्या. बैठकीत कोण बोलतं, कोण गप्प बसतं आणि कोणाला बोलावलंच नाही, हे पाहणं त्यांचं काम. मी सोनगीरचा, अहवाल लिहिणारा, संस्थेत दुसरंच वर्ष.

गावात चहा आला की अक्का कपाला हात लावत नाहीत. आधी विचारतात, "हाई कोनी कयं?" म्हणजे, हे कोणी केलं? सरपंच आतल्या दाराकडे मान हलवून "सूनबाई" म्हणतात. मग सूनबाईंना बाहेर बोलवा, त्यांना खुर्ची द्या, त्यांचाही कप भरा. तोवर आमच्या चहावर साय धरते. एकदा सूनबाई बोलायला लागल्या की नळाच्या पाण्यापासून बठ्ठं, म्हणजे सगळं, बाहेर निघतं आणि सरपंचांचा ठराव बारगळतो.

फैजपूरला चहा हॉटेलातून आला, तेव्हा मला हायसं वाटलं होतं. अक्कांनी हॉटेलवाल्या आबांनाच बोलावून घेतलं. ते बिचारे समतेवर ऐकत बसले आणि तिकडे त्यांचं दूध उतू गेलं.

पण माझा खरा राग चहावर नाही, आमच्या ऑफिसवर आहे. थंडीत आमची मळ्यात भरीत पार्टी असते. वांगी तिथेच भाजायची, बाकीचं ज्याने त्याने घरून करून आणायचं. कोणी काय आणायचं ते संचालक भाऊसाहेब सांगतात. कोणाला पुऱ्या, कोणाला शेवभाजी, कोणाला खीर. अक्कांना पत्रावळ्या. पहिल्या वर्षी मला तो योगायोग वाटला. यंदा पुन्हा पत्रावळ्याच. मी विचारलं तर भाऊसाहेब मायेनं म्हणाले, "एकट्या बाईला कशाला स्वयंपाकाचा त्रास?"

आमच्या हिशेब विभागातले नाना विधुर. तेही एकटेच राहतात. त्यांना मात्र कढी सांगितली होती, आणि नानांची कढी एकदा खाल्लेला माणूस ती जन्मात विसरत नाही. जुन्या सफाईवाल्या मावशींना विचारलं, तर म्हणाल्या, अक्का आल्यापासून पत्रावळ्याच आणतात. भिंतीवर हातभर अक्षरांत समता लिहिलेली, आणि त्या विभागाच्या प्रमुखांच्या हातचा घास ऑफिसात कोणाच्या पोटात गेलेला नाही! भांडावं तर सगळे इतकं गोड बोलतात की कुठून सुरुवात करावी ते कळत नाही. आणि जिल्हाभर जाब विचारणाऱ्या अक्का इथे गप्प. त्याचाही मला संताप आला.

मळ्यात पंगत बसली. पत्रावळ्या कमी पडल्या म्हणून मी अक्कांच्या पिशवीत हात घातला. तळाशी फडक्यात बांधलेला डबा लागला, अजून कोमट. उघडला तर आत वाफवलेले डाळीचे फुनके, कढीबरोबर खातात ते. अक्का लगबगीनं आल्या.

"ऱ्हाऊ दे भाऊ," त्या हळूच म्हणाल्या. "दरसाल लई येस. घर जाईसन मीच खास."

दरवर्षी करून आणायचं, पिशवीतून बाहेरच काढायचं नाही आणि रात्री घरी जाऊन एकटीनं खायचं. मला भडभडून आलं, आणि रागही अनावर झाला. डबा घेऊन मी सरळ पंगतीत शिरलो. भाऊसाहेबांच्या पानात वाढलं, नानांच्या पानात वाढलं, आणि मोठ्यानं विचारलं, "हाई कोनी कयं?"

सगळ्यांचे हात थांबले. कोणी कोणाकडे बघेना.

"मी कयं," अक्का म्हणाल्या. त्यांचा आवाज एवढा बारीक मी कधी ऐकला नव्हता.

भाऊसाहेबांनी मान खाली घातली आणि फुनका कढीत कुस्करून खाल्ला. नानांनी आणखी मागितला, म्हणाले, आज प्रथमच माझी कढी संपणार. मग पलीकडून पत्रावळ्या पुढे यायला लागल्या.

निघताना अक्कांनी डबा पिशवीत ठेवला, पुन्हा काढला, उघडून पाहिला. रिकामाच होता. आता घरी गेल्यावर आपल्यापुरता भात लावावा लागेल, अशी त्यांनी माझ्याकडे तक्रार केली. मग जळगाव येईपर्यंत त्या तीच तक्रार गाडीतल्या प्रत्येकाला सांगत होत्या.