सात नंबरची तरुण गाय

गाईचं वय मी रक्ताच्या एका थेंबावरून सांगतो, असं मी सुरतेच्या उधन्यात निदान चाळीस जणांना ऐकवलं असेल. शहाण्णव साली मी तिथल्याच एका जनावरांच्या प्रयोगशाळेत हंगामी टेक्निशियन होतो. आमचे डॉक्टर ललितभाई गाईच्या रक्तातल्या लिम्फोसाइट मोजत होते. लिम्फोसाइट म्हणजे रोग ओळखून त्याच्याशी लढणाऱ्या पेशी. तरुणपणी त्या भरपूर असतात आणि वय वाढेल तशा कमी होतात, असं पुस्तकात होतं. आपल्याकडच्या गाईंत त्या कशा कमी होतात, हे साहेबांना पाहायचं होतं. काम नीट झालं तर मला कायम करणार होते.

रक्तासाठी गोठा ठरला भटूआप्पांचा, आमच्या चाळीमागचा. अठरा गाई. आप्पांना एकेकीचं वय विचारून मी प्रत्येकीच्या गळ्यात दोरा बांधला. कोवळीला पांढरा, मधल्या वयाच्या गाईला पिवळा, म्हातारीला निळा. कागदावर काही लिहिलं नाही. इतकी सोपी पद्धत असताना कागद कशाला नासायचा?

पोळ्याला आप्पा शिरपूरला गावी गेले आणि गोठा तिथे रोज शेण-चारा करणाऱ्या माझ्या सासूबाईंवर, सुभद्राबाईंवर सोपवून गेले. सुरतेत पुजायला बैल कुठून आणायचा? सासूबाईंनी गाईंनाच न्हाऊ घातलं, शिंगं रंगवली आणि पुरणपोळी भरवली. दुसऱ्या दिवशी सकाळी मी सुया घेऊन गेलो, तर अठराच्या अठरा गळ्यांत नवा लाल गोंडा. माझा एकही दोरा नाही.

मी विचारलं, तर त्यांनाच माझं नवल वाटलं.

"पोयाना दिन गायना गयामा जुना दोरा कोन ठेवस, जवाईबुवा?"

बरोबरच होतं. आमच्याकडे खानदेशात पोळ्याला जनावराचं सगळं नवं करतात. गाईंची वयं त्यांनाच विचारली असती तर पाच मिनिटांचं काम होतं. पण रक्तावरून वय सांगणाऱ्या माणसाने सासूला वय विचारायचं? मला लाज वाटली. मी दावणीच्या ओळीने नळ्यांवर आकडे घातले, रक्त काढलं आणि प्रयोगशाळेत येऊन पेशी मोजल्या. सगळ्यात जास्त पेशींच्या सहा गाई कोवळ्या, पुढच्या सहा मधल्या, उरल्या त्या म्हाताऱ्या. झालं काम!

आलेख असा सरळ उतरला की पट्टीने ओढल्यासारखा. साहेबांनी तो दोनदा पाहिला आणि माझ्यासाठी चहा मागवला. आजवर त्यांनी माझ्यासाठी पाणीही मागवलं नव्हतं. मग म्हणाले, सात नंबरच्या तरुण गाईत सगळ्यात जास्त पेशी आहेत, तिला बघायचंय. मी चहा तसाच ठेवून त्यांच्यामागे निघालो.

गोठ्यात आप्पा अजून आलेले नव्हते, सासूबाई शेण काढत होत्या. साहेबांनी सातव्या गाईच्या पाठीवरून हात फिरवत विचारलं, हिचं पहिलं वेत कधी झालं? सासूबाईंनी शेणाचं घमेलं खाली ठेवलं.

"पहिलं? नऊ येत व्हयनात हिना. दात दखा, साहेब."

त्यांनी गाईचं तोंड उघडून दाखवलं. दात झिजून हिरडीला टेकले होते. साहेबांनी ते पाहिले, मग माझ्याकडे पाहिलं. मी तिथेच सगळं सांगून टाकलं.

"म्हणजे रक्तावरून तू वय ठरवलंस," साहेब अगदी शांतपणे म्हणाले, "आणि वयाप्रमाणे रक्त बदलतं, हे मला दाखवलंस."

ते ओरडले असते तर बरं वाटलं असतं. सासूबाईंनी अठराही गाईंची वयं सांगितली आणि साहेबांनी ती स्वतः लिहून घेतली. नवा आलेख बकरी उड्या मारत गेल्यासारखा होता. पेशी वयाबरोबर कमी होत होत्या, पण आपापल्या मर्जीने. साहेबांचा जीव मात्र सात नंबरवर जडला. म्हातारीच्या अंगात एवढ्या पेशी कशा, यावर ते आठवडाभर डोकं खाजवत होते.

डिसेंबरात माझ्या नोकरीचा कागद त्यांच्यापुढे आला.

"जन्मतारीख एक जून. खरी आहे?"

आमच्या गुरुजींनी अख्खा वर्गच एक जूनला जन्माला घातला होता. ओठांवर आलेला "हो" मी गिळला.

"माहीत नाही, साहेब. अंदाजाने लिहिलीय."

साहेबांचं पेन थांबलं.

"हे 'माहीत नाही' पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी म्हणाला असतास, तर आज कायम झाला असतास."

आणि त्यांनी सही केली. आणखी सहा महिने हंगामी.