हार्टविगचा वाकडा आकडा

हार्टविग कागदाचा कचरा टाकून जिना चढून आला आणि नेमकी तेव्हाच रोसविता त्याला जेवायला हाक मारायला दाराबाहेर आली. स्वयंपाकघराची खिडकी उघडी होती. वाऱ्याने दार धाडकन लागलं. किल्ल्या आत, ओव्हनमध्ये बदक आत, आणि नवरा-बायको बाहेर.

"माझं बदक," रोसविता म्हणाली. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"घाबरतेस काय? नवरा कोण आहे तुझा?"

नवरा हॅम्बुर्गातल्या कुलूपछंदी मंडळाचा खजिनदार होता. दर गुरुवारी ही मंडळी बिअर पीत एकमेकांची कुलपं किल्लीशिवाय उघडत बसायची. त्यासाठी लागणारे वाकडे आकडे हार्टविग स्वतः घासून घडवायचा, आणि त्यांचा बाक बघून भलेभले मान डोलवायचे. आत्ता ते सगळे आकडे आत कपाटात होते.

"आईला बोलावू का?" रोसविताने विचारलं. तिची आई इर्मगार्ड वरच्याच मजल्यावर राहायची.

"त्यांच्याकडे जुनी किल्ली आहे. तिचा काय उपयोग?" हे म्हणताना हार्टविगला मनातून गुदगुल्या झाल्या. सासूबाई त्या किल्लीने वाटेल तेव्हा आत यायच्या आणि फ्रीज उघडून नाक मुरडायच्या. म्हणून दोन वर्षांपूर्वी त्याने दाराला नवं कुलूप बसवलं, मंडळात एकालाही उघडता न आलेलं, आणि नवी किल्ली त्यांना द्यायचं सोयीस्कर विसरला. तेव्हापासून सासूबाईंच्या बाजूने कशी शांतता होती.

कोटाच्या खिशात त्याला एक पोलादी काडी सापडली. रस्ता झाडणाऱ्या गाडीच्या ब्रशातून अशा काड्या गळतात आणि हा गृहस्थ त्या रस्त्यात वाकून गोळा करतो, याची रोसविताला एरवी लाज वाटायची. वापरातल्या कुलपाला हात लावायचा नाही हा मंडळाचा नियम. हार्टविग घुटमळला, तेवढ्यात करपल्याचा वास आला, आणि नियम गेला खड्ड्यात. त्याने काडी पायरीच्या दगडावर घासायला घेतली. सगळा जिना करकरू लागला.

"हार्टविग, आज रविवार आहे," वरून आवाज आला. "माणसांनी दुपारी पडायचं की नाही?"

सासूबाई खाली उतरून मागेच उभ्या राहिल्या. काडीला बाक देऊन त्याने ती कुलपात सारली, हलकेच दाबली, अजून थोडी दाबली, आणि टोक मोडून आतच राहिलं. आता किल्ली मिळाली असती तरी आत गेली नसती. रोसविता रडायच्या बेतात आली.

"सरक बाबा," सासूबाई म्हणाल्या.

त्यांनी एप्रनच्या खिशातून शाम्पूच्या बाटलीचा कापलेला तुकडा काढला, दाराच्या फटीत घातला आणि कमरेने एक धक्का दिला. दार उघडलं. रोसविता बदकाकडे धावली. सासूबाई आत शिरल्या, बुटांच्या कपाटामागे हात घातला, स्वतःच्या लोकरी सपाता काढल्या आणि पायात चढवल्या.

हार्टविगचे डोळे विस्फारले. "आई, या सपाता इथे कधीपासून?"

"तू कुलूप बदललंस तेव्हापासून. गुरुवारी तू मंडळात, ही गाण्याला. मी येऊन बसते जरा."

स्वयंपाकघरातून रोसविताने मान बाहेर काढली. फ्रीजमधलं सॉसेज कोण संपवतं यावरून दोन वर्षं भांडलेले नवरा-बायको एकमेकांकडे बघतच राहिले.

"अहो आई, पण दुसऱ्याचं कुलूप असं..." हार्टविग म्हणाला.

"मी कुठे कुलूप उघडलं? कुलूप झकासच आहे तुझं. पण तुम्ही किल्ली फिरवता कुठे? नुसतं दार ओढून घेता, मग अडकतो तो फक्त खटका. मी दार उघडते."

मोडलेलं टोक काढायला गेल्यावर ते आणखीच आत गेलं. घरात खोकंभर कुलपं होती, पण ती सगळी हार्टविगने स्वतः उघडलेली. असली कुलपं आपल्या दाराला लावायची कशी? त्याने नवं मागवलं. ते यायला महिना लागणार होता, आणि शाम्पूच्या तुकड्याने दार उघडणं हार्टविगला काही जमेना.

तोवर तो रोज कामावरून आला की आधी वरच्या मजल्यावर जातो, बेल वाजवतो आणि सासूबाईंची कॉफी पिऊन होईपर्यंत पायपुसण्यावर उभा राहतो.