तोरणाखालचा भंगार बैल

"भंगारातून असा बैल उभा करतो, का गाव पाह्यतच राह्यीन!" भार्गवनं बापाला छातीठोक सांगितलं.

शाळा सोडलेल्या पोराचं हे बोलणं ऐकून सुधाकरराव चहातल्या टोस्टासारखे ढिले पडले. "पोळ्याले उभा केला तं ठीक. नाई तं नेरडीगोंड्याच्या धाब्यावर भांडे घासाले जाशीन!"

कितीतरी दिवस भार्गव घरच्या भंगारापुढं नुसता बसून होता. डोक्यात काई येतच नव्हतं! मग आठवलं, मागच्या पोळ्याला तोरणाखाली नुसते ट्रॅक्टर उभे होते. बैल कधीच विकून झाले होते. मग काय! गावाच्या अडगळीतूनच गावाचा बैल करायचा, म्हणून फिरला घरोघर.

"ने रे बाप्पा, अडगळ जाईन!" लोक म्हणाले.

नागोरावचा फवारणीचा पंप पोट झाला, कुसुमबाईचा मुका रेडिओ तोंड. मोडक्या बाजेचे पाय, गंजल्या विळ्यांची शिंगं. गळ्यात घरच्याच माळ्यावरची घाटी, बैलाची जुनी घंटा.

पोळ्याला बैल तोरणाखाली उभा राह्यला. सारं गाव पाह्यतच राह्यलं! भार्गवची छाती फुगली.

"अगं माय!" कुसुमबाई पुढं आल्या. "हा तं आमच्या घरधन्याचा रेडिओ! कापूस वेचून आलो का यावरच गाणे ऐकत होतो." अन् घेतला की काढून!

"मावशे, बैलाचं तोंड हाय ते!"

"असू दे! तुह्या बैलाले कोनतं भाषण करायचं हाय?"

नागोरावनं पंप कवटाळला. "याचा वळ अजून हाय माह्या पाठीवर!" पोट गेलं. मागून आणखी एकानं बाजेला हात घातला. "या बाजेवर आमी सारे भाऊ आडवे झोपत होतो!" पाय गेले. शिंगंही गेली.

भार्गव भडकला. "आत्ता अडगळ म्हनत होते ना तुमी? मंग काऊन नेऊन राह्यले?"

ऐकतो कोण? जो तो आपलं भंगार पोटाशी धरून जुन्या गोष्टी सांगत होता, डोळे पुसत होता.

मातीत उरली नुसती घाटी. सुधाकररावांनी ती उचलली, धोतराच्या सोग्यानं पुसली. "आपल्या पवळ्या बैलाची. वळनावर वाजली का माय चूल पेटवत होती."

"न्या, तुमीबी न्या!"

सुधाकररावांनी ती भार्गवच्याच गळ्यात बांधली. "बैल उभा करतो म्हनला होता ना? राह्य उभा!"

वाजंत्री सुरू झाली. कुसुमबाईंनी कुंकू लावलं, तोंडात पुरणपोळी कोंबली.

"आन धाबा?" भार्गवनं भरल्या तोंडानं विचारलं.

"बैलाले कोनी भांडे घासाले लावते काय?"

भार्गवनं रागानं मान झटकली. घाटी वाजली, अन् मागून नागोराव सवयीनं ओरडला, "हो हो, राजा! दमानं!"